कोपरा फाटलेलं कार्ड

आमच्या बोर्डिंगला बोर्डिंग म्हणायचं म्हणजे जरा धाडसच होतं. आगरदांड्याच्या धक्क्यावरून निघालं की पाव तासाच्या वाटेवर, सुपारीच्या एका वाडीच्या टोकाला ते कौलारू घर होतं. ओटीवर शाळा, माजघरात आम्ही एकोणीस मुली आणि त्याला लागून असलेल्या खोलीत बाई. झालं आमचं बोर्डिंग. दारावर पाटी नव्हती, शिपाई नव्हता, घंटासुद्धा नव्हती. बाई पितळी थाळीवर उलथनं वाजवायच्या. तोच आवाज अभ्यासाचा, तोच जेवणाचा आणि तोच प्रार्थनेचा, त्यामुळे कितीतरी वेळा आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन पंगतीत जाऊन बसलो आहोत.

ही एकोणीसशे तीसच्या आगेमागची गोष्ट. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. माझं गाव तळे या गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात. तिथून मांदाडच्या बंदरापर्यंत चालत यायचं आणि मग ओहोटीच्या पाण्याबरोबर मचव्यात बसून खाडीतून खाली आगरदांड्याला उतरायचं. समुद्र मी त्याआधी पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा आवडलाही नाही. एवढं पाणी आणि त्यात भाताचं एक रोप लावता येत नाही, हे माझ्या डोक्याला पटेना.

पोरीला शिकवायचं खूळ वडिलांचं. ते मुंबईला गोदीत कामाला होते, शिमग्याला आणि गणपतीला तेवढे घरी यायचे. त्यांच्या चाळीसमोरून रोज सकाळी एक मास्तरीण छत्री घेऊन शाळेला जायची म्हणे. त्या छत्रीनं माझ्या बापाच्या डोक्यात घर केलं. एका शिमग्याला ते आले ते ठरवूनच आले, की पोरगी सातवीची फायनल पास होणार आणि मास्तरीण होणार. गावच्या शाळेत मुलांच्या मागे बसून मी चार इयत्ता काढल्या होत्या, पुढची सोय गावात नव्हती. आई त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, तेव्हा न बोलणंच बरं होतं असं त्यांना वाटलं असणार.

"छत्री घिऊन भात लावनार हाय का ती?" आईनं विचारलं. "पोरीच्या जातीला दर्यापल्याड ठेवायची. तिला काय झालं-गेलं तर मला कोन सांगनार?"

खाडीला ती दर्या म्हणायची. वडिलांनी सांगितलं, की दर आठवड्याला पत्र येईल. आई म्हणाली, "पत्र काय मला वाचता येतंय?" पण वडिलांनी ठरवलेलं होतं, आणि जूनच्या सुरुवातीला एका पत्र्याच्या पेटीसह मला बाईंच्या ओटीवर आणून सोडलं.

बाईंविषयी सांगायला बसले तर हात थांबणार नाही. त्या बालविधवा. केस राखलेल्या, अंगावर पांढरं पातळ, पायात चपला. या तिन्ही गोष्टींवर गावात वेगवेगळं बोललं जायचं आणि बाई तिन्ही बोलणी एकाच कानानं ऐकून सोडून द्यायच्या. पुण्याला शिकून त्या या टोकाला का आल्या, हे विचारायची आमची छाती नव्हती. त्यांच्याकडे आमच्यासारख्या कुणब्यांच्या मुली होत्या, भंडाऱ्यांच्या होत्या, दोन ब्राह्मणांच्या होत्या, आणि सगळ्या एकाच पंगतीत जेवायच्या. पंगत मोडून वेगळं बसायचं असेल तिनं उपाशी बसावं, हा बाईंचा नियम. उपाशी कुणी बसलं नाही.

सकाळी तांदळाची पेज, मीठ आणि लोणच्याची फोड. दुपारी भात, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार. रात्री तांदळाची भाकरी आणि वाडीत जे पिकलं असेल ते. पडवळ पिकलं की पंधरा दिवस पडवळ. मासळीचा वास बाईंना सोसत नसे, आणि आम्ही तर सुकटीशिवाय भात म्हणजे शिक्षा समजणाऱ्या. शेवटी बाईंनीच तोड काढली. रविवारी दुपारी विहिरीपलीकडे तीन दगडांची चूल मांडायची, ज्यांना हवी त्यांनी तिथं सुकट भाजायची, आणि नंतर राखेनं हात घासून, तोंड धुऊन, तुळशीचं पान चावून घरात यायचं. त्या दोन ब्राह्मणांच्या मुली चुलीपासून चार हातांवर उभ्या राहून नुसता वास घ्यायच्या. एकीनं पुढे चवही घेतली. कोणती ते मी आजही सांगणार नाही, शब्द दिला आहे.

भाषेच्या बाबतीत बाई कर्दनकाळ होत्या. जेवताना कुणी "पानी" म्हटलं, की तांब्या हातात धरून त्या नुसत्या बघत उभ्या राहायच्या. "पाणी" म्हटल्याशिवाय तांब्या तिरपा व्हायचा नाही. मिरचीचा ठेचा असला की आमचे 'ण' फार लवकर सुधारायचे. दुपारच्या सुट्टीत विहिरीवरच्या रहाटाच्या आवाजात आम्ही पुन्हा पोटभर 'हाय-न्हाय' करून घ्यायचो, आणि थाळी वाजली की तोंड धुतल्यासारखी भाषा धुऊन ओटीवर हजर.

हे सगळं आता लिहिताना मला इतकं गोड वाटतं, की वाटावं मी तिथं आनंदात होते. खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मला ते घर नको होतं. पडवळ नको होतं, तो 'ण' नको होता, आणि माजघरात उंचीप्रमाणे लावलेल्या अंथरुणांच्या रांगेतली माझी सातवी जागा तर नकोच नको होती. मला घरी जायचं होतं. दुसरं काही मला हवंच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा तर कहर झाला. मी गेल्यापासून आईच्या कुशीतल्या माझ्या जागेवर धाकटी बहीण निजायला लागली होती, आणि अंगावर माझीच वाकळ. मी तिला ढकललं. आई म्हणाली, "लहान हाय ती. चार दिस तर हायस तू, असू दे." चार दिस तर हायस! पाहुणीला म्हणावं तसं. मी पाहुण्यासारखीच परत आले आणि मचव्यात बसल्याबसल्या ठरवलं, की आता काहीही करून घरी जायचं. नुसतं जायचं नाही, आईनं स्वतः येऊन न्यायचं.

आमच्याकडे दर रविवारी सकाळी पत्रं लिहिली जायची. प्रत्येकीला एक कार्ड. बाई फळ्यावर मायना लिहून द्यायच्या, बाकीचं आम्ही. लिहून झालं की प्रत्येक कार्ड त्या स्वतः वाचायच्या, आणि ऱ्हस्वदीर्घापेक्षा जास्त डोळा खोट्यावर. एका मुलीनं 'येथे रोज लाडू मिळतात' असं लिहिलं होतं, तिला ते खोडायला लावलं. दुसरीनं 'येथे उपासमार होते' लिहिलं, तेही खोडायला लावलं. "पत्रात खरं लिहावं. वाचणाऱ्याला तेवढंच हातात मिळतं," त्या म्हणायच्या. मग कार्डांचा गठ्ठा सुतळीनं बांधून धक्क्याजवळच्या टपालाच्या पेटीत टाकायला एक मुलगी जायची. पाळी लावलेली होती.

आता जे सांगायचं ते आजच्या मुलांना समजावून सांगावं लागेल. तेव्हा कुणी गेल्याचं कळवायचं असलं की कार्डाचा एक कोपरा फाडून पाठवत. वर 'श्री' लिहीत नसत. असं कार्ड आलं की पोस्टमन ते घरात देत नसे, अंगणातच उभा राहून हाक मारी. वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. ज्यांना एक अक्षर येत नसे त्यांनासुद्धा तो फाटका कोपरा वाचता येई.

मी असं कार्ड एकदा पाहिलं होतं. शेजारच्या घरी आलं होतं, त्यांचा कोणीतरी मुंबईला गेला होता. मला आठवत होतं ते एवढंच, की पोस्टमननं कोपरा दाखवला आणि सगळं घर हातातलं टाकून पळत सुटलं. चुलीवरचा भातसुद्धा उतरवला नव्हता. मेल्याचं कार्डाच्या आत लिहितात, आणि कोपरा फाडायचा तो 'ताबडतोब या' असं सांगायला, अशी माझ्या अकरा वर्षांच्या अकलेनं समजूत करून घेतली होती. मी आत कुठं मेल्याचं लिहिणार होते? आत तर नेहमीचाच मजकूर, बाईंनी तपासलेला. नुसता कोपरा फाडला की आई पळत येईल, आल्यावर वाचेल कोणी तरी, कळेल सगळं ठीक आहे, आणि आलीच आहे तर मला घेऊन जाईल. इतका बिनतोड बेत मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

दिवाळीनंतरच्या तिसऱ्या रविवारी टपालाची पाळी माझी आली. वाडीच्या दगडी गडग्याआड बसून मी गठ्ठ्यातून माझं कार्ड काढलं आणि उजवीकडचा वरचा कोपरा फाडला. नखाएवढाच, पण चांगला ठळक. फाडलेला तुकडा चावून गिळून टाकला. गठ्ठा पुन्हा बांधला, पेटीत टाकला आणि येताना उड्या मारत आले.

सोमवारपासून मी वाट बघायला लागले. पेटीतले परकर-पोलके घड्या करून ठेवले. मैत्रिणीला माझी चांगली पेन्सिल देऊन टाकली. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवारही गेला. शुक्रवारी मला वाटलं की कार्ड हरवलं असणार, आणि मी मैत्रिणीकडून पेन्सिल परत मागितली. तिनं दिली नाही.

शनिवारी शाळा सकाळची. मधल्या सुट्टीत मी विहिरीजवळच्या पेरूवर चढले होते, तोंडात एक आणि ओच्यात तीन. वरून मला वाडीच्या वाटेवर दोन माणसं दिसली. पुढे मांदाडची फेरी करणारा मचवेवाला, आगरदांड्याचाच एक म्हातारा मुसलमान, आम्ही सगळ्या त्याला चाचा म्हणायचो. त्याच्या मागे आई.

मी झाडावरून हाक मारणार तेवढ्यात तिचा चेहरा दिसला. ती रडत नव्हती. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला होता, केसांत भाताचं तूस तसंच होतं, आणि उजवा हात कमरेला दाबून धरलेला, पोटात कळ आलेली बाई धरते तसा. माझी आई पदर पडू देणारी बाई नव्हती.

चाचा ओटीच्या पायरीशी थांबला. "बाईसाब," तो हळू आवाजात बाईंना म्हणाला, "ही बाय काल सांजपासून मांदाडला बसली व्हती, भरती सरायची वाट बगत. सकाली मचव्यात घेतली. बोलत न्हाय, पानी पीत न्हाय. कमरंला कागद हाय, मी बोललो कुनाकडून वाचून घेतो, तर दावत न्हाय. इथं कोना पोरीचा इंतकाल झालाय काय?"

इंतकाल म्हणजे मरण, हे मला ठाऊक होतं. चाचाच्या घरी त्याच वर्षी झाला होता. झाडाची फांदी मी दोन्ही हातांनी धरली. कोपरा फाडला म्हणजे मी नेमकं काय लिहिलं होतं, ते मला तेव्हा, त्या फांदीवर कळलं.

मी उतरले की पडले ते सांगता येत नाही. पेरू सगळे खाली सांडले. आई वळली. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती तशीच उभी राहिली, आणि मी जवळ गेल्यावर तिनं मला चाचपायला सुरुवात केली. खांदे, दंड, तोंड, पुन्हा खांदे. बाजारात कोंबडी चाचपतात तसं. मग एक सणसणीत कानाखाली ठेवून दिली. मग पोटाशी धरलं, इतकं घट्ट की मला श्वास घेता येईना, आणि तेव्हा ती रडली. चाचा वाडीकडे तोंड करून उभा राहिला.

बाईंनी तिला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. तिनं कमरेचं कार्ड काढून पुढे केलं. घामानं मऊ पडलं होतं. बाईंनी कोपरा पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढरा झाला.

"हे कार्ड मी स्वतः तपासलं होतं," त्या म्हणाल्या. "कोपरा शाबूत होता."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उंदरावर ढकलू शकले असते, टपालावर ढकलू शकले असते. पण बाई बघत असल्या की खोटं सुचायचंच नाही.

"मी फाडला," मी म्हटलं. "मला घरी जायचं होतं."

ओटीवर अठरा मुली ऐकत होत्या. बाई आईला म्हणाल्या, "घेऊन जा हिला. जबरदस्तीनं ठेवून मी हिचं भलं करत नाहीये. माझं चुकलं, मला दिसायला हवं होतं." आणि मला म्हणाल्या, "पेटी घेऊन ये."

आता जे लिहिते त्याची मला लाज वाटते, पण लिहायला हवं. मला आनंद झाला. गालावर बोटं उठली होती, आईचे डोळे लाल होते, बाई मान खाली घालून बसल्या होत्या, आणि मी माजघरात धावत जाऊन पेटी ओढत आणली. बेत सफल झाला होता. आई मुळात या शिकण्याच्या विरुद्ध, त्यात आता बाईच ने म्हणत होत्या. उरलं काय होतं?

पेटी मी ओटीवर आणून ठेवली तेव्हा आई हातातल्या कार्डाकडे बघत होती.

"काय लिवलंय ह्याच्यात?" तिनं विचारलं.

बाईंनी हात पुढे केला. "तुमी नगं," आई म्हणाली. "हिला वाचू द्या."

मी वाचलं. "तीर्थरूप सौभाग्यवती आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मी येथे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. माझी वाकळ धाकटीला देऊ नये."

"पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं. तिनं मला 'आहे'पाशी थांबवलं. "खुशाल हाय, असं लिवलंय? कुटं? बोट ठेव."

मी बोट ठेवलं. आईनं माझं बोट बाजूला केलं आणि तिथं आपलं ठेवलं.

"काल दुपारी खळ्यावर व्हते," ती म्हणाली, कुणाला ते कळलं नाही, बहुतेक बाईंना. "भात झोडीत व्हते. पोस्टमननं आगरदांड्याचं कार्ड म्हनून कोपरा दावला आन् वाचाया लागला. मीच त्याच्या हातातनं वढून घेतला. म्हनलं, तुज्या तोंडून न्हाय ऐकायचं मला. जवर कोनी वाचीत न्हाय तवर माजी पोर हाय. वाटंत कोनी कोनी इचारलं, न्हाय दिलं वाचाया. सोताला वाचता आलं असतं तर बगितलं असतं. दुसऱ्याच्या तोंडून नको व्हतं." कार्डावरचं बोट तिनं काढलं नव्हतं. "माजी पोर जिती हाय असं लिवलेला कागुद कमरंला बांदून मी रडत आले. काल दुपारधरनं माज्यापाशीच व्हता."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आईनं डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या पेटीकडे बघितलं. "आत ठिवून ये ती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आई, मला यायचंय."

"न्हाय."

"आई, मी पुन्हा नाही असं करणार, मला ने."

"न्हाय म्हनते ना. माज्यावानी दुसऱ्याच्या तोंडाकडं बगत ऱ्हायची न्हाय तू. शीक हितं."

मी पाय आपटले, पेटीवर बसून भोकाड पसरलं, धाकटीला शिव्या दिल्या. काही उपयोग झाला नाही. वडील चार दिवस समजावून जे करू शकले नव्हते ते मी एका नखाएवढ्या कागदानं करून ठेवलं होतं, आणि तेही माझ्याच विरुद्ध.

मचवा भरतीबरोबर परत जायचा होता, त्याला दुपार होणार होती. बाईंनी आईला आमच्या पंगतीत बसवलं. पडवळाची भाजी होती. जेवून झाल्यावर आई बाईंना म्हणाली, "त्यो येक शबुद मला दावून ठेवा. बाकीचं वाचनारा वाचील. त्यो तेवडा मला दिसाया पायजे."

बाईंनी मोठ्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'खुशाल' लिहिलं. आईनं पेन्सिल हातात धरली ती विळ्यासारखी मूठ करून. बाईंनी मूठ सोडवली नाही, 'ण'वरून तांब्या अडवून धरणाऱ्या बाई त्या दिवशी काहीच सुधारत बसल्या नाहीत. आई गिरवत गेली. 'खु'च्या पायाशी जो उकार असतो तो तिला फार आवडला. "हितं विळा हाय," ती म्हणाली. "विळा दिसला की समजायचं." 'शा' तिला शेवटपर्यंत जमला नाही. भरतीची वेळ झाली म्हणून चाचा बोलवायला आला तेव्हा तिनं पाटी पदरानं पुसली, आणि बाईंनी मागून एका कागदावर तोच शब्द लिहून तिच्या हातात दिला.

धक्क्यावर मी तिच्याशी बोलले नाही. मचवा सुटताना ती म्हणाली, "दर आयतवारी लिव. विळा मोटा काड." मी मान फिरवली, आणि मचवा वळणाआड गेल्यावर मग अर्धा तास धक्क्यावर बसून रडले. बाई शेजारी बसून राहिल्या. घरी चल असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

खोट्या मरणानं आयुष्य वाढतं असं गावात म्हणतात. माझं वाढलं असेल. आईनं गावात कोपरा उंदरानं खाल्ला असं सांगितलं आणि माझं नाव कुणापुढे काढलं नाही. पुढे दर आठवड्याला पोस्टमन आला की ती कार्ड आधी आपल्या हातात घ्यायची. विळा शोधायची, त्यावर बोट ठेवायची आणि मग त्याला म्हणायची, "हां, आता वाच." हे पोस्टमननंच मला सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात.

त्या घरी मी नंतर तीन वर्षं राहिले. कधी रमले ते सांगता येणार नाही, पण पुढच्या दिवाळीत सुट्टी संपायच्या आधीच मला रहाटाच्या आवाजाची आठवण यायला लागली होती, आणि धाकटीला मी वाकळ आपणहून दिली. सातवी जागा सोडून मी उंचीप्रमाणे सरकत सरकत भिंतीकडेच्या पहिल्या जागेवर गेले. रात्री पाऊस कौलांवर वाजायला लागला की लहान मुली माझ्या पांघरुणात शिरायच्या. आज मला झोप आली नाही की मी ती एकोणीस अंथरुणं डोक्यात एकेक करून घालते.

फायनलच्या वर्षी, परीक्षेला तीन महिने असताना, मला मुदतीचा ताप आला, आता टायफॉईड म्हणतात तो. मुरुडहून डॉक्टर येऊन गेले आणि बाईंना बाहेर नेऊन काहीतरी बोलले. बाईंनी मला त्यांच्या खोलीत, त्यांच्या अंथरुणावर घेतलं. केस गळून उशीवर पडत होते. कोणता वार आहे ते मला कळत नव्हतं, पण ओटीवर एकदम शांत झालं की रविवार, पत्रं चालली आहेत, हे कळायचं.

"तुझ्या आईला मी लिहिते," बाई म्हणाल्या. "खरं लिहायला हवं. तिला बोलावून घेऊ."

"नको," मी म्हटलं. "माझ्या हातचा तो शब्द नसला की ती कार्ड कुणाला वाचूच देणार नाही. पुन्हा तशीच निघेल."

बाईंनी माझं पांघरूण नीट केलं. लाडू खोडायला लावणाऱ्या बाई. मग उठून त्यांनी कार्ड आणलं, पाटीवर ठेवून ती पाटी माझ्या मांडीवर टेकवली. एक हात माझ्या पाठीमागे घालून मला बसतं केलं आणि दुसऱ्या हातात दौत धरली. मी टाक दौतीत बुडवला. 'मी येथे' एवढं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "विळा नीट काढ."